वसाहतीत राहतो म्हणजे आपण वसाहतवादी का? (जगाचा इतिहास आणि आपले शब्द)

तापीकाठ (रविवार, रात्री 9.40)

राम राम मंडळी. शहाद्याच्या बाजूला एका शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवतो. गेल्या आठवड्यात वसाहतवाद चालू होता. व्याख्या फळ्यावर लिहिली, पोरांनी उतरवून घेतली, आणि मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. हा पोरगा तळोद्याकडच्या नर्मदा पुनर्वसन वसाहतीतला, इथे मावशीकडे राहून शिकतो. म्हणाला, "सर, आम्ही वसाहतीत राहतो. मग वसाहतवादी आम्हीच का?"

वर्ग हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसणं मलाच टोचायला लागलं.

सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांना सपाटीवर आणून जिथे बसवलं, ती वसाहत. म्हणजे ज्यांना उठवलं, त्यांची वसाहत. पुस्तकात काय आहे? ज्यांनी दुसऱ्याला उठवलं, त्यांची वसाहत. शब्द तोच, माणूस मात्र थेट समोरच्या बाजूचा. पोराने प्रश्न गमतीने विचारला नव्हता.

शब्द मुळात चुकीचा नाही. लॅटिनमध्ये 'कोलोनिया' म्हणजे निवृत्त रोमन सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली वस्ती. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. व्हर्जिनियात, ऑस्ट्रेलियात माणसं जहाजं भरभरून गेली, मूळच्यांना हुसकावून कायमची राहिली. तिथे 'वसाहत' चपखल बसतो. पण खानदेशात? 1818 साली इंग्रजी अंमल आला. कलेक्टर आले, भिल्ल पलटणीचे साहेब आले, पुढे भुसावळला रेल्वेचे साहेब आले. बोदवडला जमीन घेऊन कपाशी लावत बसलेला गोरा शेतकरी कोणी ऐकलाय? आपल्याकडे माणसं वसायला आली नाहीत. कारभार आला आणि माल गेला. तरी आपण 'वसाहत'!

तेव्हापासून पुस्तकातले मोठे मोठे शब्द एका वहीत लिहितोय : सरंजामशाही, सार्वभौमत्व, राष्ट्र, क्रांती, भांडवल, वर्ग, संस्कृती. बाहेरच्या जगातली गोष्ट सांगायला आपण घरातलं भांडं घेतलं, पण त्या भांड्यात आधीच काहीतरी होतं, असं मला वाटतंय. तुमच्याकडचे अनुभव लिहा. परीक्षेच्या नोट्स टाकू नका, त्या माझ्याकडे पोत्याने आहेत.

निंबोणी (रविवार, रात्री 10.25)

सर, मी धुळ्यात खोली घेऊन अभ्यास करते. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात जागतिक इतिहास आहे, त्यामुळे हे सगळे शब्द रोज तोंडात असतात. सराव परीक्षेत 'वसाहतवाद आणि साम्राज्यवाद यांतला फरक' आला आणि मी दोन्ही एकच म्हणून ठोकून दिलं. 15 पैकी 3.

नंतर मला जसं समजलं ते सांगते. वसाहत नसतानाही साम्राज्यवाद असतो. चीन घ्या. पहिल्या अफूच्या युद्धानंतर 1842 चा नानकिंगचा तह झाला. इंग्रजांनी हाँगकाँग घेतलं, पाच बंदरं व्यापाराला उघडून घेतली, नुकसानभरपाई उकळली. बादशहा मात्र बीजिंगात गादीवर होता. इजिप्त तर आणखी मजेशीर. 1882 पासून तिथे इंग्रजी फौज, इंग्रजी सल्लागार, पण कागदावर देश तुर्की सुलतानाचाच. ते नावापुरतं नातं तुटलं 1914 ला. म्हणजे झेंडा कोणाचा हे बघून चालत नाही, कुलपाची किल्ली कोणाकडे ते बघायचं.

तुमच्या विद्यार्थ्याला 3 पेक्षा जास्त मार्क द्या.

कपाशीवाला (सोमवार, दुपारी 1.05)

जळगाव. आमची तीन पिढ्यांची जिनिंग. "कारभार आला आणि माल गेला" हे वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून जायचा, आणि तो पिकवायचे गुलाम. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस अडकला, लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, मजुरांच्या चुली विझल्या. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. मुंबईत भाव भडकले आणि ती धग तापीच्या खोऱ्यापर्यंत आली. जळगाव कापसाची पेठ म्हणून वर आलं ते याच दिवसांत. रेल्वेही त्याच दशकात खानदेशातून पुढे सरकत होती. बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवल्याच्या गोष्टी त्या काळाबद्दल सांगतात. आमच्या घरीही सांगायचे, पण आमच्या घरी गाडीच नव्हती म्हणे, तेव्हा ऐकीव समजा.

1865 ला युद्ध संपलं. मुंबईत सट्टा कोसळला, बँका बुडाल्या, इथे भाव पडले. खानदेशच्या शेतकऱ्याने ना लिंकनचं नाव ऐकलेलं, ना रिचमंड कुठे आहे ते माहीत. तिकडे माणसं गुलामगिरीतून सुटली आणि इकडे माणूस सावकाराच्या वहीत चढला. 'जागतिक इतिहास' म्हणजे आपल्याला वाटतं पॅरिस, लंडन. तो बोदवडच्या काट्यावर पण मापला जात होता.

आता 'भांडवल'. पोरांना विचारा, भांडवल म्हणजे काय? पैसा म्हणतील, सोनं म्हणतील. जळगावच्या माणसाला सोनं काय ते सांगायला नको. पण कपाटातलं सोनं आणि भांडवल वेगळं. आमचे वडील सोप्यात सांगायचे : जे झोपतं ते धन, जे हिंडतं आणि हिंडून वाढून येतं ते भांडवल. स्पेनला बघा. 1545 ला पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडली, गलबतं भरभरून चांदी आली, आणि त्याच स्पेनच्या राजाने 1557, 1575, 1596 असं तीन वेळा दिवाळं काढलं. चांदी लढायांत आणि सावकारांच्या व्याजात गेली. धन होतं, भांडवल झालं नाही.

मूळचा_बोरविहीर (सोमवार, दुपारी 2.50)

सध्या पुण्यात, भाषाविज्ञानाचा विद्यार्थी. धागा छान आहे, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. रागावू नका.

शब्दाचा अर्थ त्याच्या मुळात नसतो, वापरात असतो. 'विमान' म्हणजे पूर्वी देवांचं वाहन, देवळाच्या शिखरालाही विमान म्हणायचे. म्हणून विमानतळावर कोणी नारळ फोडत नाही. पारिभाषिक शब्द घडवताना लोकांनी जवळचा शब्द उचलला आणि त्याला नवा अर्थ दिला. इंग्रजीतही तेच झालं आहे. 'फ्यूडल' हा शब्द युरोपातल्या मध्ययुगीन शेतकऱ्याला सांगितला असता तर त्याला कळला नसता. व्यवस्था म्हणून ते नाव फार नंतर पडलं. तेव्हा मराठी शब्दच तेवढे गोंधळलेले आहेत, असं नाही. व्याख्या नीट शिकवली की काम भागतं.

बांधावरून (सोमवार, संध्याकाळी 8.10)

पुण्यावाला भाऊ, तुम्हनं अर्धं बराबर शे. अर्धं नाही.

मी अमळनेर तालुक्यातला. बी.ए. इतिहास, पुढे शेती. कॉलेजात सरंजामशाही शिकलो : वर राजा, त्याखाली सरदार, त्याखाली छोटे सरदार, तळाला जमिनीला बांधलेला भूदास. डोक्यात चित्र आलं ते आमच्या खळ्याचं. का? आमच्याकडे सालदार होते.

बाहेरच्यांसाठी सांगतो. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतमजुराचं, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चालू होतं आणि आखाजीला संपतं. करार तोंडी. आधी उचल द्यायची. आजोबांच्या वहीत प्रत्येकाचं पान आहे : नाव, उचल किती, धान्य किती, धोतरजोडी, जोडे, घोंगडी. आणि शेवटी खाडे. आजारी पडला, पाहुण्याकडे गेला, तो खाडा. खाडे मोजून पुढच्या साली वळते करायचे. एका माणसाचं नाव त्या वहीत सलग एकोणीस वर्षं आहे. दर आखाजीला बाकी थोडी उरायचीच.

परीक्षेत मी लिहून आलो की सालदारी हे सरंजामशाहीचं उदाहरण. प्राध्यापकांनी लाल रेघ मारली, पण का ते सांगितलं नाही. ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. इथे सांगा.

तापीकाठ (सोमवार, रात्री 11.20)

बांधावरून, तुमच्या वहीतलं पान वाचून वर्गात वाचून दाखवावं असं वाटलं. परवानगी असेल तर. नाव गाळून.

लाल रेघ का, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. युरोपातला भूदास कायद्याने जमिनीला बांधलेला. मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, जमीन दुसऱ्याकडे गेली की तोही तिच्याबरोबर जातो. सालदार आखाजीला पागोटं उचलून जाऊ शकतो, कायदा अडवत नाही. अडवते ती उचल. तिकडे बेडी जन्माची, इकडे बेडी वहीची. म्हणून हे वेठीच्या आणि कर्जाच्या मजुरीजवळचं आहे. आपल्याकडे वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला 1976 ला, यावरून ती किती टिकली ते समजा.

पण रशियात ही रेघ इतकी स्वच्छ राहत नाही. 1861 ला झारने भूदासांना मोकळं केलं. जमीन मिळाली ती मोफत नाही. 49 वर्षं हप्ते भरायचे, आणि हप्ते फिटेपर्यंत गावाच्या पंचायतीला बांधलेले. हे हप्ते माफ झाले 1907 ला, तेही 1905 चा उठाव झाल्यावर. म्हणजे जन्माची बेडी काढली आणि वहीची घातली. तुमच्या एकोणीस वर्षांच्या माणसाला ते लगेच कळलं असतं.

आता 'सरंजाम'. मराठा राज्यात सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल. खानदेशातले कित्येक परगणे होळकर-शिंद्यांच्या सरंजामात होते. तत्त्वतः तो वंशपरंपरेचा नव्हे, व्यवहारात होत गेला. वतन निराळं, इनाम निराळं. युरोपात सरदार आणि त्याचा धनी यांच्यात शपथेचं खाजगी नातं, दोघांवरही बंधनं. आपण 'सरंजामशाही' म्हणतो तेव्हा वसुलाची व्यवस्था, शपथेचं नातं, भूदास आणि पाटलाचा वाडा असं सगळं एका गाठोड्यात बांधतो. आणि राजकारण्यांच्या भाषणात तर कोणीही मिशीला पीळ दिला की सरंजामदार.

बोरविहीरभाऊ, 'फ्यूडल'बद्दल तुमचं मान्य. 1974 साली एलिझाबेथ ब्राउन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी तर हा शब्दच टाकून द्या असं लिहिलं होतं. आपल्याकडेही भारतात सरंजामशाही होती का यावर रामशरण शर्मा एका बाजूला आणि हरबन्स मुखिया दुसऱ्या, असा मोठा वाद झालेला आहे. पण विमानाचं उदाहरण इथे लागू पडत नाही. 'विमान'चा जुना अर्थ मेलेला आहे, म्हणून त्रास नाही. 'वसाहत' मेलेला नाही. माझ्या पोराने कोश उघडून मूळ शोधलं नव्हतं, त्याने घराचा पत्ता सांगितला होता.

मूळचा_बोरविहीर (सोमवार, रात्री 11.45)

पत्त्याचा मुद्दा मान्य. गप्प बसतो. (थोडा वेळ.)

भरीत_कळणा (मंगळवार, सकाळी 6.30)

वाचतोय. मस्त. कोणीतरी खानदेश नावाचा उगम पण सांगा, कान्हदेश की खान?

तापीकाठ (मंगळवार, सकाळी 7.00)

भाऊ, पाया पडतो, तो वाद इथे नको. त्याने चांगले चांगले धागे खाल्ले आहेत. एवढंच सांगतो, की अकबराने 1601 ला आसीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून मुलखाचं नाव 'दानदेश' केलं. ते नाव टिकलं नाही. बादशहाचा हुकूम भाषेवर चालत नाही.

निंबोणी (मंगळवार, दुपारी 12.40)

'देश'वरून. काल मैत्रिणीला समजावताना मीच अडकले. आपण राहतो महाराष्ट्रातल्या खानदेशात. म्हणजे राष्ट्राच्या पोटात देश. हे सगळं भारत देशात, आणि तो देश पुन्हा राष्ट्र! आता 'राष्ट्रराज्य' शिकवा.

पण मला सर्वांत मोठा धक्का 'सार्वभौम'ने दिला. जुन्या ग्रंथांत सार्वभौम राजा म्हणजे सर्व भूमीचा धनी, चक्रवर्ती. त्याच्यावर कोणी नाही आणि त्याच्या बरोबरीचाही कोणी नाही. आजचं सार्वभौमत्व जवळजवळ उलटं आहे. 1648 च्या वेस्टफालियाच्या तहापासून पुस्तकं सुरुवात करतात (तहात सगळं इतकं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, पण असो). त्यातली कल्पना अशी की तू तुझ्या कुंपणात धनी, मी माझ्या. लक्झेंबर्गही सार्वभौम आणि चीनही. चक्रवर्ती राजाने हे ऐकलं असतं तर अश्वमेधाचा घोडा सरळ लक्झेंबर्गात सोडला असता.

आणि खरं सांगू? लोक अजून जुन्या अर्थानेच विचार करतात. 'आपण सार्वभौम आहोत' म्हणताना छाती फुगते ती 'आमच्यावर कोणी नाही' म्हणून. 'शेजारीही तितकाच' हे अर्धं वाक्य गळून पडतं.

सातपुडा_पायथा (मंगळवार, संध्याकाळी 6.15)

'क्रांती' राहिली म्हणून लिहितो. संक्रांत आणि क्रांती एकाच धातूचे, ओलांडून जाणं. आकाशात सूर्य ज्या वाटेने फिरताना दिसतो ते क्रांतिवृत्त. गंमत अशी की युरोपातला शब्दही आकाशातूनच आला. 1543 ला कोपर्निकसने 'रेव्होल्यूशन' शब्द वापरला तो खगोलांच्या फिरण्यासाठी, म्हणजे फिरून जागेवर येणं. 1688 ला इंग्लंडमध्ये राजा बदलला तेव्हाही बऱ्याच लोकांना तो जुन्या हक्कांकडे परत जाण्याचा मामला वाटला. मागे काही उरणार नाही, सगळं नवं, हा अर्थ पक्का झाला 1789 नंतर. त्या वर्षी 4 ऑगस्टच्या रात्री फ्रेंच सभेने एका बैठकीत सरंजामी हक्क मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा फिरून जागेवर येण्याची सोयच उरली नाही.

पण आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे. क्रांती, उठाव, बंड, दंगा, दरोडा : कशाला काय म्हणायचं हे कोण ठरवतं? खाज्या नाईक घ्या. सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची राखण करायचं काम इंग्रजांनीच त्याला दिलेलं. 1857 ला तोच उलटला. 1858 ला सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली, त्यात आणि त्यानंतर कित्येक भिल्ल मारले गेले. साहेबाच्या कागदात तो लुटारू. आमच्या पाड्यांवर तो नाईक. शहरातल्या पुस्तकात कधी एक ओळ, कधी तीही नाही. मग 1942 ला नंदुरबारात शिरीषकुमार आणि चार सवंगडी गोळीला छाती देऊन पडले ती क्रांती. 1944 ला चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला तीही क्रांती. दोन्ही बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण खाज्याने खजिना लुटला तर दरोडा का?

1871 ला तर सरकारने कायदाच केला, काही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो रद्द झाला 1952 ला. पोलीस पाटलाच्या तोंडातून तो अजून रद्द झालेला नाही. शब्द नुसता अर्थ सांगत नाही सर, चौकीतही नेऊन बसवतो.

कपाशीवाला (मंगळवार, रात्री 9.00)

सातपुडा भाऊ, दंडवत.

बांधावरून (मंगळवार, रात्री 9.30)

सातपुडा भाऊंचं वाचून 1972 च्या आसपासचं शहादा आठवलं, म्हणजे वडिलांकडून ऐकलेलं. आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज, श्रमिक संघटना, सालदारांची मजुरी, गेलेल्या जमिनी परत मागणं. आमच्या वडिलांसारखे बागायतदार तेव्हा घाबरले होते, लपवून काय करू. त्या लढ्याला 'वर्गलढा' म्हणायचं की 'आदिवासींचा लढा'? मजूर म्हणून बघितलं तर वर्ग. पण मालक आणि मजूर एका पंगतीला बसत नव्हते, हे 'वर्ग' शब्दात कुठे येतं? बाबासाहेबांनी 1936 लाच सांगितलंय, जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. मँचेस्टरचा शब्द अमळनेरला आणला की बाही आखूड पडते.

सर, पान वाचून दाखवा वर्गात. नाव गाळू नका असं मला वाटतंय, पण त्याच्या नातवाला विचारून सांगतो. तो सुरतेला आहे.

मूळचा_बोरविहीर (मंगळवार, रात्री 10.10)

पुन्हा आलो, या वेळी तुमच्या बाजूने. 'संस्कृती'. पुरातत्त्वात तापीकाठच्या सावळद्यावरून 'सावळदा संस्कृती' म्हणतात, म्हणजे विशिष्ट प्रकारची खापरं सापडणाऱ्या वस्त्यांचा समूह. आणि 'सिंधू संस्कृती' म्हणजे शहरं, मुद्रा, गटारं असलेली मोठी व्यवस्था. हिंदीत पहिल्याला संस्कृति आणि दुसऱ्याला सभ्यता. मराठीने दोन्हीला एकच शब्द दिला. मला ही मराठीची चूक वाटायची. आज वाटतंय, ज्यांच्याकडे शहर नाही ते असभ्य असं म्हणायची सोयच मराठीने ठेवली नाही. चुकून का होईना.

तापीकाठ (गुरुवार, रात्री 8.50)

दोन दिवस उशीर झाला, घटक चाचणीचे पेपर तपासत होतो.

काल तास पुन्हा घेतला. फळ्यावर व्याख्या नाही लिहिली. नकाशा टांगला आणि विचारलं, कुठे माणसं गेली, कुठे नुसता कारभार गेला, कुठून माल गेला, कुठून माणसंच उचलून नेली. पोरांनी खडू घेऊन चार रंग केले. खानदेशावर दोन रंग आले. मग कपाशीवाल्यांची 1861 ची गोष्ट सांगितली. चांदीच्या धावेवर तासाचे दहा मिनिटं गेले, कारण अर्ध्या वर्गाला ती कुठे मिळेल हे हवं होतं.

शेवटी मागच्या बाकावरच्या पोराला म्हटलं, परवा तुझ्या प्रश्नाला हसलो, चुकलो. आता तूच सांग, तुमच्या घरी वसाहतीला काय म्हणतात? तो म्हणाला, घरी पावरी बोलतो, पण 'वसाहत' हा शब्द मराठीतलाच वापरतो, त्याला आमच्यात दुसरा शब्द नाही. मी विचारलं, मग 'गाव' कधी म्हणता? म्हणाला, "गाव म्हणजे पाण्याखालचं, सर. आजोबा अजून गावाला जातो म्हणतात, आणि नर्मदेवर जाऊन बसून येतात."